नववी हंडी

फोलोने काचेची भट्टी सोडल्याचं मी तीनदा पाहिलं आहे. पहिल्यांदा सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला आरामखुर्ची दिली. दुसऱ्यांदा नुसती वाइनची बाटली. तिसऱ्यांदा आमचा उस्ताद लोरिस म्हणाला, "सोमवारी येताना माझ्यासाठी सिगरेट आण." आणि सोमवारी फोलो सिगरेट घेऊन आला.

त्याचं खरं नाव एजिदिओ. पण मुरानो या आमच्या काचेच्या बेटावर आडनावं मोजकी आणि माणसं भाराभर, त्यामुळे टोपणनावाशिवाय इथे कुणाचं पत्रसुद्धा धड पोचत नाही. फोलो म्हणजे भाता. दिव्यांच्या मोठ्या काचेच्या हंड्या फुंकण्याचं काम त्याचं. उस्ताद बाकावर बसतो, मांडीसमोर आडवी धरलेली फुंकणी फिरवत राहतो आणि ओल्या कागदाच्या घडीने तापलेल्या काचेला आकार देतो. फुंकणीच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसलेला माणूस त्याच्या हुकमावर हवा भरतो. "फुंक" म्हटलं की फुंकायचं, "बस" म्हटलं की थांबायचं. दिवा तयार झाला की नाव होतं उस्तादाच्या हाताचं. श्वास कुणाचा होता, हे विचारायची पद्धत नाही. फोलोनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. "गाडीला वारा कुणी भरला, हे ड्रायव्हर सांगत बसतो का?" असं म्हणायचा.

मी वरच्या खोलीत काम करते. हंड्यांना होल्डर बसवायचे, वायर ओवायची, झुंबर टांगून बघायचं. जेवायला मात्र सगळे खाली, भट्टीपाशी.

गेल्या दोन वर्षांत फोलोचा श्वास आटत चालला होता. मोठ्या पुलाच्या पायऱ्या चढला की तो मधोमध थांबायचा, कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहायचा. "काय बघतोस?" विचारलं की म्हणायचा, "भरती." ओहोटी असली तरी भरतीच. दवाखान्यातल्या नर्सने त्याला सांगितलं होतं की आता मेणबत्तीसुद्धा फुंकायची नाही. त्याची बहीण नेरिना सांत एराज्मो बेटावर राहते, तिची भाजीची शेती आहे. तिने तीनदा त्याच्यासाठी खोली झाडली, गादी उन्हात टाकली, आणि तीनदा ती पुन्हा गुंडाळून माळ्यावर टाकली.

"तू नाही म्हणून का सांगत नाहीस एकदा?" मी त्याला विचारलं होतं.

"नाही म्हणायलाही दम लागतो गं पोरी," तो म्हणाला.

जुलैच्या सुरुवातीला डोंगरातल्या एका हॉटेलातून पेट्या आल्या. आठ अखंड हंड्या, आणि वेगळ्या खोक्यात नवव्या हंडीचे तुकडे. पडदे धुवायला काढताना शिडी सरकली म्हणे. झुंबर साठच्या दशकातलं, आमच्याच भट्टीत झालेलं. रंग धुरकट मधाचा. आकार भोपळ्यासारखा म्हणावा, तर पोटाच्या जरा वर एक पुसट कंबर, कुणी काच चिमटीत धरून लगेच सोडून दिल्यासारखी. आत दिवा लावला की त्या कंबरेपाशी उजेड जरा घुटमळतो आणि मग खाली उतरतो. जुन्या दिव्यांच्या लिलावात असलं झुंबर निघालं की लोक खुर्चीत सरसावून बसतात.

फोलोने खोक्यातले तुकडे बोटाने उलटेपालटे केले. "मेली का एकदाची," तो म्हणाला. आणि मग मागून हाक आली.

"एजिदिओ."

आमच्या मालकीणबाई, सिन्योरा ओर्नेल्ला, एकट्याच त्याला या नावाने हाक मारतात. हाक आली की तो आधी मागे वळून बघतो, कोण एजिदिओ आलाय म्हणून.

"नववी हंडी तुम्हीच फुंकायची."

"सिन्योरा, मी गेलो. मे महिन्यातच गेलो."

"मग हे समोर कोण उभं आहे?"

"सिगरेट पोचवायला आलेला माणूस."

"ऐका तरी. या आठांसारखी एक हंडी निघाली, तर ती मी सप्टेंबरच्या प्रदर्शनात मांडणार. हे झुंबर पुन्हा काढायचं. लोक जुन्या दिव्यांमागे वेडे झालेत. दोन वर्षं पुरेल एवढं काम मिळेल सगळ्यांना."

"आणि नाही निघाली तर?"

"तर लोरिसची साधी हंडी लावून झुंबर परत पाठवू. विषय संपला." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण निघेल. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

त्या गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "ऐकलंस? नीट फुंकली तर दोन वर्षं. वाकडी फुंकली तर सुट्टी."

मालकीणबाई दुष्ट नव्हत्या, हे सांगायला हवं. शेजारच्या दोन भट्ट्या गेल्याच वर्षी विझल्या होत्या, आणि त्या जागी आता पर्यटकांना घोड्यांची चित्रं असलेले कप विकतात. बाई रात्री झोपत नाहीत हे त्यांच्या डोळ्यांवरून कुणालाही कळलं असतं. दमलेल्या माणसाने दमलेल्या माणसाकडे काही मागितलं की भांडायचीही सोय राहत नाही.

आधी लोरिसने फोलोशिवाय करून बघितलं. तो जुन्या उस्तादाचा, आर्तुरोचा मुलगा. हल्ली पायाने दाबून पंपाची हवा सोडता येते, तशी सोडून त्याने तीन हंड्या केल्या. पहिलीला कंबर आलीच नाही. दुसरीला अशी आली की पट्टा आवळल्यासारखी. तिसरी बघून फोलो म्हणाला, "हिला कितवा महिना?"

"तू गप्प बस, बार्बा," लोरिस म्हणाला. पाळण्यात होता तेव्हापासून तो फोलोला बार्बा, म्हणजे काका, म्हणत आलाय. "तू कसं करायचास ते सांग."

"करायचो कुठे? झालं होतं ते."

त्या दिवशी कुणीतरी वाम मासळी आणली होती. हंड्या निवत ठेवायच्या भट्टीच्या माथ्यावर तमालपत्रांच्या थरावर तिचे तुकडे लावून ठेवले होते. सगळे आपापला पेला घेऊन बसले. इथे प्रत्येकाचा पेला उरल्यासुरल्या काचेतून ज्याने त्याने स्वतः केलेला असतो. फोलोचा सगळ्यांत बेढब होता, कारण हात त्याचे कधीच चांगले नव्हते.

"सतरा वर्षांचा होतो," पावाने तेल टिपत तो सांगू लागला. "आदल्या रात्री मावसभावाच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचलो होतो. आणि याचा बाप बाकावर बसून ओरडतोय, फुंक, फुंक, अजून फुंक. अर्ध्यात माझा दम संपला. थांबलो, श्वास घेतला, परत फुंकलं. तेवढ्यात वरची काच आळली होती, खालचीच फुगली. झाली कंबर. आर्तुरोने चिमटा फेकून मारला. हे बघ." त्याने भुवईवरचा जुना व्रण दाखवला. "तर तो मिलानचा आर्किटेक्ट, ज्याने झुंबर काढलं होतं, भट्टीत पांढरे बूट घालून आलेला माणूस, तो म्हणतो, थांबा, हेच हवंय मला."

"मग?"

"मग काय, पुढच्या आठ हंड्यांना मला आठ वेळा दमवलं."

"जुन्या दिव्यांच्या पुस्तकात लिहिलंय की ती खाडीची लाट आहे," मी म्हणाले.

"खाडी कसली आणि लाट कसली. नाचून आलेलं पोर होतं ते."

सगळे हसले. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही, तेव्हा एकेक जण उठून कामाला लागला. मी पेले विसळत होते. लोरिस आणि फोलो तिथेच बसून राहिले.

"लोरिस, तिला सांग ना, म्हाताऱ्याला आता जमत नाही."

"जमत नाही का तुला?"

"एकदा जमेल."

"मग नाही जमत असं कसं सांगू? काचेबद्दल मी खोटं बोलत नाही."

"तुझा बाप बोलायचा."

"म्हणूनच मी बोलत नाही."

फोलोने काटे पानावर एका बाजूला सारली. "ठीक. मग मी मुद्दाम वाकडी फुंकतो. तिला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार. मला कळेल."

"तू बोलशील?"

"नाही बोलणार." लोरिस उठला, पुन्हा बसला. "पण बार्बा, तुला मुद्दाम वाकडं फुंकता येतं का? एकदा तरी फुंकलंयस?"

पावाचा तुकडा फोलोच्या हातात तसाच राहिला.

जुलैच्या शेवटच्या दिवशी सगळ्या बेटावरच्या भट्ट्या ऑगस्टसाठी विझतात. विझताना काच वितळवायच्या मुशी तडकतात, आतली काच वाया जाते, सप्टेंबरात नव्या मुशी बसवायच्या. तो धुरकट मध आम्ही खास या झुंबरासाठी वितळवला होता आणि तीन हंड्यांत तो जवळजवळ संपला होता. मुशीत एका हंडीपुरता रस उरला होता, त्याखाली खरवड.

दुपारी मला खाली बोलावलं, जुन्या आठांतली एक हंडी घेऊन. तुलना करायला. मालकीणबाई भिंतीशी उभ्या होत्या. फोलोने गुडघ्यांखाली पोतं घडी करून ठेवलं आणि बसताना लोरिसचा खांदा धरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

लोरिसने फुंकणी फिरवायला घेतली. ओल्या कागदाला काच लागली की वाफ होते आणि जळक्या वर्तमानपत्राचा वास सुटतो.

"फुंक."

फोलोचे गाल फुगले नाहीत. चांगल्या फुंकणाऱ्याचे फुगत नाहीत, हवा पोटातून येते. काच हळूहळू मोठी होऊ लागली, गरगरीत, केशरी. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता तो जोर करेल, नाहीतर ढील देईल, काहीतरी करून ती बिघडवेल. त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. तो थांबला. ओठ फुंकणीला तसेच ठेवून नाकाने श्वास घेतला, शिट्टीसारखा बारीक. आणि पुन्हा फुंकलं.

काच कंबरेपाशी क्षणभर अडखळली आणि खाली उतरली.

"बस," लोरिस हलकेच म्हणाला.

मी हातातली जुनी हंडी वर धरली. दोन्हींत काही फरक असेल तर मला सांगता आला नसता. खरं म्हणजे नवी जास्त सुंदर होती. जुनीत पोराचं धसमुसळेपण होतं, हिच्यात तेही नव्हतं.

"हीच," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "एजिदिओ, हीच. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपासून लागू या. आधी दोन डझन, मग बघू."

फोलो अजून गुडघ्यांवरच होता. एक हात जमिनीवर, ओठ निळसर, राखेसारखा चेहरा. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने मान हलवली. हो म्हणायला श्वास लागत नाही.

लोरिस फुंकणी फिरवतच होता. यापुढचं काम इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. मदतनीस जाड हातमोजे चढवून खाली हात पसरतो. उस्ताद हंडीच्या मानेवर ओली कानस टेकवतो, "सांभाळ" म्हणतो आणि फुंकणीवर एक टोला देतो. हंडी अलगद हातमोज्यांत उतरते, तिथून निववायच्या भट्टीत. मी इथे कामाला लागले तेव्हापासून रोज तो शब्द वर माझ्या खोलीपर्यंत ऐकू येत आलाय.

मदतनीस दुसरा हातमोजा चढवत होता. लोरिसने मानेवर कानस टेकवली. फोलोकडे पाहिलं, खाली जमिनीवर, बराच वेळ. तोंडातून शब्द काढला नाही. टोला दिला.

तापलेली काच पडते तेव्हा खळकन वाजत नाही. धप्प आवाज येतो, आणि मग तुकडे निवत जातात तसे एकेक करून तडकत राहतात. कितीतरी वेळ तेवढाच आवाज होता.

"हे काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हात चुकला."

"तुमचा?"

"माझा."

"दुसरी करा. आत्ता."

"मुशीत खरवड उरलीय, सिन्योरा. आणि संध्याकाळी भट्टी विझतेय."

"मग सप्टेंबरात..."

"त्याच्याकडे बघा," लोरिस म्हणाला. "नुसतं बघा एकदा."

त्यांनी बघितलं. मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच. त्या पुढे आल्या, वाकल्या, फोलोच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, गरम लागल्यासारखा. "मी फोटोसुद्धा काढला नाही," त्या म्हणाल्या, कुणालाही उद्देशून नाही. मग वर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "लोरिसची बिनकंबरेची आहे ना, ती बसव. उद्या झुंबर पाठवून दे."

मदतनीस हातमोजे घातलेले हात तसेच धरून उभा होता. "उस्ताद, तुम्ही सांभाळ म्हणालाच नाहीत."

"विसरलो. जा, झाडू आण."

तो गेला. फोलोला आता थोडा आवाज फुटला.

"पाडायचीच होती, तर मी फुंकायच्या आधी पाडायचीस."

"आधी काय पाडणार? लोळा?"

"चांगली झाली होती."

"हो."

"जुन्या आठांपेक्षा चांगली झाली होती, गाढवा."

"हो, बार्बा."

"तुझ्या बापाने नसती पाडली."

"नसती पाडली. तुला उद्याही फुंकायला लावलं असतं."

फोलोने समोरच्या तुकड्यांकडे पाहिलं. अजून एखादा तडकत होता. मला वाटलं तो रडेल, पण त्याने नुसता हात वर केला. "उठव मला. गुडघे गेले माझे."

लोरिसने त्याला काखेत हात घालून उठवलं आणि बाकावर बसवलं, स्वतःच्या जागेवर. एवढ्या वर्षांत फोलो त्या बाकावर कधी बसला नव्हता. आता बसला तेही दम खाण्यापुरतं. "फार कडक आहे रे हे," तो म्हणाला. "तुम्ही लोक बसता कसे दिवसभर?"

संध्याकाळी मी त्याची पिशवी धक्क्यापर्यंत नेऊन दिली. बोटीत चढताना म्हणाला, "बारमध्ये त्याला त्रास देतील आता."

तसंच झालं. मुरानोत उस्तादाच्या हातून हंडी पडली ही बातमी कुणी वारल्याच्या बातमीपेक्षा लवकर पसरते. लोरिसने कॉफी मागितली की कुणीतरी म्हणायचं, "सांभाळ." पेला उचलला की, "सांभाळ." हाताला लकवा आलाय इथपर्यंत बोलणं गेलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने आपलं काम दुसऱ्या भट्टीला दिलं. लोरिस ऐकून घ्यायचा, पैसे ठेवायचा आणि निघायचा. मी एकदा तोंड उघडणार होते, पण त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

हॉटेलात झुंबर पुन्हा टांगलं गेलं. आठ कंबरेच्या, एक बिनकंबरेची. कुणाचीही तक्रार आली नाही.

भट्टी सप्टेंबरात पेटली. प्रदर्शनात आम्ही मांडलं ते नेहमीचंच. महिन्याच्या अखेरीस मालकीणबाईंनी मला बोलावलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "तू त्या बाजूला जाशील तर नुसतं विचारून ये," त्या म्हणाल्या. "आता बरं वाटत असेल त्यांना. महिन्याला एक. एकच. गुडघ्यावर बसायला नको, आपण खुर्चीचं काहीतरी करू."

मी बोटीने सांत एराज्मोला गेले. नेरिना कुंपणाशी कोबीची रोपं लावत होती. हात मातीने भरलेले, पायात भावाचे बूट.

"झोपलाय," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "आल्यापासून झोपतोच आहे. जेवतो, झोपतो. पन्नास वर्षांची झोप साठलीय त्याची." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तिने पाठवलंय तुला."

"हो."

"किती हव्यात?"

"महिन्याला एक."

"आधी एकच असते." तिने हात एप्रनला पुसले. "तू त्याला विचारलंस ना, तर तो हो म्हणेल. माहितीय ना तुला?"

"माहितीय."

खिडकी उघडी होती. आत अंधारात पलंगाचा कोपरा दिसत होता, पांढरी चादर, आणि श्वास ऐकू येत होता, बारीक, मधेच अडकून पुन्हा सुरू होणारा. आम्ही दोघी तो ऐकत उभ्या राहिलो. मग पलंग कुरकुरला.

"नेरिना, कोण आलंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"कुणी नाही," नेरिना म्हणाली. "झोप तू."